आर-१२ गॅसवर चालणारा एसी असलेल्या जुन्या गाडीत आता कोणता गॅस भरावा? (११८ एनई, ठाणे)

घोडबंदर_११८
गाडी १९९३ची प्रीमियर ११८ एनई. एसी कंपनीचा नाही, बाहेरून बसवलेला किट आहे. पाच पिस्टनचा ५०८ जातीचा कॉम्प्रेसर, डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये किती गॅस जाईल ते ठरवणारा) आणि वर काच असलेली ड्रायरची (ओलावा शोषणारी) बाटली. गॅस आर-१२. सध्या दाबाचे दोन्ही गेज शून्यावर आहेत, आणि कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढे बसून गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) खालच्या वळणावर तेलाचा डाग आहे.

तीन ठिकाणी विचारले, तीन उत्तरे मिळाली. एक म्हणतो एचसी (हायड्रोकार्बन गॅस) भरू, तेलही बदलायला नको. दुसरा म्हणतो आर-१३४ए सरळ भरून देतो. तिसरा म्हणतो त्याच्याकडे आर-१२चा सिलिंडर आहे. किटवर गॅसचे वजन लिहिलेले लेबल नाही. गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज चालते, आणि आठवड्यातून दोनदा ठाणे-बेलापूर रोडने वाशीला जाते. कोणता गॅस घ्यावा, आणि त्यासोबत काय काय बदलावे लागेल?

गेजमॅनिफोल्ड
आर-१३४ए. पण दुसरा मेकॅनिक म्हणतो तसे 'सरळ भरून' नाही. सरळ भरला तर पहिले काही आठवडे गार लागेल आणि मग कॉम्प्रेसर जाईल. आर-१२च्या सिस्टिममध्ये मिनरल ऑइल असते. ते आर-१२मध्ये विरघळते आणि गॅसबरोबर फिरून परत कॉम्प्रेसरमध्ये येते. आर-१३४एमध्ये ते विरघळत नाही. मग ते कूलिंग कॉइलच्या तळाशी आणि ड्रायरमध्ये साचून राहते, नि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. ५०८ला तेलाचा पंप नाही. गॅससोबत येणाऱ्या तेलावरच त्याचे पिस्टन आणि बेअरिंग जगतात.

तिसऱ्या पर्यायाबद्दल. भारतात आर-१२सारख्या सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) वायूंचे उत्पादन १ ऑगस्ट २००८ला थांबले. आज 'नवीन' म्हणून कोणी आर-१२चा सिलिंडर दाखवत असेल तर आत काय आहे हे कळायला मार्ग नाही. खरा जुना साठा असला तरी पुढच्या गळतीला पुन्हा तोच शोध. शिवाय तो गॅस हवेत साधारण १०० वर्षे राहतो आणि ओझोनचा थर खातो. तुमची सिस्टिम रिकामी आहे म्हणून हा प्रश्न मिटला. इतर वाचकांच्या गाडीत आर-१२ शिल्लक असेल तर पाइप सैल करून हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्या.

खाडीकिनारा
एचसीची बाजू मांडायला हवी, कारण तांत्रिकदृष्ट्या तो वाईट गॅस नाही. प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांचे साधारण निम्मे-निम्मे मिश्रण आर-१२च्या दाबाच्या जवळ चालते. मिनरल ऑइलशी त्याचे जमते, जुन्या नायट्राइल रबरालाही त्याचा त्रास नाही. हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूचा) दाब आर-१३४एपेक्षा कमी राहतो, म्हणून जुन्या कंडेन्सरवरही गार चांगले होते. वजनाने आर-१२च्या ४० टक्के पुरतो. घरातले आजचे बहुतेक फ्रिज आयसोब्युटेनवरच चालतात.

गेजमॅनिफोल्ड
गुण सगळे मान्य. पण फ्रिजमध्ये तो ५० ग्रॅमच्या आसपास असतो, सगळे जोड ब्रेझ करून कायमचे जोडलेले असतात आणि कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो. गाडीत कॉम्प्रेसरचा शाफ्ट सीलमधून बाहेर येतो, पाइप रबराचे असतात, इंजिन सतत थरथरते, आणि कूलिंग कॉइल माणसांच्या गुडघ्यांजवळ असते.

हिशेब करून पाहा. समजा मूळ आर-१२ ६५० ग्रॅम होता, तर एचसी साधारण २६० ग्रॅम लागेल. एवढ्या मिश्रणाचा ३० अंशांना सुमारे १३० लिटर वायू होतो. केबिनमध्ये अडीच हजार लिटर हवा धरली तर प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. हे वायू हवेत साधारण २ ते ९ टक्के असले की ठिणगीने पेटतात. म्हणजे निम्मा गॅस आत गळला तरी मिश्रण पेटण्याच्या पट्ट्यातच राहते. वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो पायांपाशी साचतो. आणि ब्लोअरच्या मोटरचे कार्बन ब्रश तिथेच ठिणग्या पाडत असतात. रात्रभर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत सकाळी ब्लोअरचे बटण दाबणे हाच धोक्याचा क्षण.

ज्या गाडीची सिस्टिम ज्वलनशील गॅससाठी घडवलेली नाही तिच्यात तो भरू नये, एवढे माझे स्पष्ट मत.

तुर्भे_कॉइल
यात एक भर. 'एचसी' म्हणून काही ठिकाणी चक्क स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरतात. त्यात प्रोपेन-ब्युटेनचे प्रमाण ठरलेले नसते, ओलावा असतो आणि वास येण्यासाठी घातलेले गंधकयुक्त मरकॅप्टन असते. ओलाव्याने एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो. दहा मिनिटे गार, मग गरम, मग पुन्हा गार, अशी तक्रार येते. मेकॅनिक व्हॉल्व्ह बदलतो आणि दोष तिथेच राहतो.

आणखी एक. आर-२२ किंवा घरच्या एसीचे इतर गॅस गाडीत भरू नका. ६० अंशांना आर-१२चा दाब २०७ पीएसआय, आर-१३४एचा २२९, आणि आर-२२चा ३३७. मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना हाच आकडा आणखी वर जातो. पाइप फुटला नाही तर कॉम्प्रेसरचे सील तरी जाते. ब्युटेनची जोड देऊन बनवलेली आर-२२ची मिश्रणे परदेशात 'आर-१२ला पर्याय' म्हणून विकली गेली. त्यांतही तोच आर-२२ असतो आणि तो जुन्या रबरी पाइपांना फुगवतो. मिश्रणातला एखादा घटक आधी गळला की उरलेल्याचे प्रमाणही बिघडते.

घोडबंदर_११८
ठीक, आर-१३४ए नक्की. कंडेन्सर बदलायचाच आहे. जुना कंडेन्सर जाड सापासारखी नागमोडी नळी आणि पत्र्यांचा आहे. तसाच मिळाला तर चालेल का?

शीतक_नेरुळ
नको. या सगळ्या बदलात पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर कंडेन्सर आणि त्याचा पंखा यांत घाला. गॅसवर एवढी चर्चा होते आणि कंडेन्सरकडे कोणी पाहत नाही, त्यामुळेच 'आर-१३४ए जुन्या गाडीत गार होत नाही' असे लोक म्हणतात.

कारण वरच्या आकड्यांतच आहे. त्याच तापमानाला आर-१३४एचा दाब आर-१२पेक्षा साधारण दहा टक्के जास्त. कंडेन्सरने उष्णता नीट बाहेर टाकली नाही तर दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त दाबाविरुद्ध ढकलत राहतो आणि लो साइडही (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परतणारी बाजू) वर येते. लो साइड वर आली की कॉइल तापली. आर-१३४एला २८ पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये ० अंश, ३६ पीएसआय म्हणजे ५ अंश. आठ पीएसआयने सगळा खेळ बदलतो.

पॅरलल फ्लो कंडेन्सर घ्या, म्हणजे दोन उभ्या नळ्या आणि मध्ये चपट्या बारीक नळ्यांच्या ओळी. मापे घेताना रेडिएटरची जाळी जेवढी रुंद-उंच असेल त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जा. रेडिएटरपासून १५ ते २० मिमी अंतर ठेवा आणि चारही कडांची फट फोमच्या पट्टीने बंद करा. ही पट्टी लोक विसरतात. फट उघडी राहिली की सिग्नलला उभे असताना रेडिएटरची गरम हवा वळसा घालून पुन्हा कंडेन्सरच्या पुढे येते.

पुढे १० किंवा १२ इंची इलेक्ट्रिक पंखा, पुशर प्रकारचा (पुढून कंडेन्सरवर हवा ढकलणारा). रिले आणि फ्यूज वेगळे. जुन्या गाडीत डायनॅमोचे गणितही करा. पंखा ६ ते ८ अँपिअर, कॉम्प्रेसरचा क्लच ३ ते ४, ब्लोअर पूर्ण वेगावर ८ ते १०. त्यात पावसातल्या रात्री हेडलाइट आणि वायपर. आयडलला डायनॅमो आपली पूर्ण ताकद देत नाही, त्यामुळे बॅटरी उतरू लागते. अर्थिंगची जुनी वायर बदलली तरी बराच फरक पडतो.

नवी मुंबईत खाडीकाठी गाडी उभी राहत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी कंडेन्सर साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. खारट ओलाव्याने ॲल्युमिनियमचे पत्रे पांढरे होऊन भुगा होतात. प्रेशर वॉशर जवळ नेला तर पत्रे आडवे पडतात, आणि मग हवाच जात नाही.

तुर्भे_कॉइल
आता बदलायच्या वस्तू.

ड्रायरची बाटली बदलायलाच हवी. जुन्या बाटलीतला ओलावा शोषणारा पदार्थ आर-१३४एसोबत टिकत नाही. त्याचा चुरा होऊन तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत अडकतो. नवीन बाटलीवर एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ असे लिहिलेले असते. ती शेवटी बसवा, टोप्या काढल्या की दहा मिनिटांत जोडून व्हॅक्यूमला लावा. बाटलीवर प्रेशर स्विचची जागा असेल तशीच घ्या. जुन्या किटमध्ये दाब वाढला की क्लच तोडणारा स्विच बहुधा नसतो. असा स्विच लावा, की गॅस जवळजवळ संपला किंवा हाय साइड ३८० ते ४५० पीएसआयच्या पट्ट्यात गेली की क्लच सुटेल. मे महिन्यात पंख्याचा फ्यूज उडाला तर हा स्विचच कॉम्प्रेसर वाचवतो.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आर-१३४एचा घ्या. जुन्याने चालते असे म्हणतात, आणि ते पूर्ण खोटेही नाही. पण त्याचा बल्ब (पाइपचे तापमान जाणणारी कुपी) आर-१२च्या दाबाने उघडझाप करतो. ५ अंशांना दोन्ही गॅसच्या दाबांत २ पीएसआयचा फरक आहे, म्हणून व्हॉल्व्ह हवा त्यापेक्षा थोडा आधी उघडतो आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे यायची शक्यता वाढते. डॅशबोर्डखाली हात घातलाच आहे तर आत्ताच बदला. बल्ब कॉइलमधून बाहेर येणाऱ्या पाइपला क्लिपने घट्ट बांधून वर इन्सुलेशनची टेप गुंडाळा.

ओ-रिंग एचएनबीआर रबराच्या, बहुतेक हिरव्या येतात. लावताना बोटाने तेल लावा. फ्लेअरच्या (नळीचे तोंड पसरवून केलेल्या) जोडांना ओ-रिंग नसते. तिथे तोंडावर ओरखडा असेल तर सीलंट थापू नका, फ्लेअर नव्याने करा.

पाइप बॅरियर होज हवेत. आत नायलॉनचा थर असलेले. लिक्विडला (कंडेन्सर ते कॉइल) सहा नंबर, डिस्चार्जला (कॉम्प्रेसर ते कंडेन्सर) आठ, सक्शनला (कॉइल ते कॉम्प्रेसर) दहा. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडे हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारी दुकाने आहेत, पण मशीन एकच असले तरी पाइप वेगळा असतो. हायड्रॉलिक होज एसीला लावू नका, त्यातून गॅस झिरपतो. क्रिम्पही एसीच्या फेरूलचीच (पाइपच्या टोकावर दाबून बसवायची धातूची कडी) हवी.

कोपरी_रिंच
तेलाबद्दल विचारतो. आर-१३४एला पीएजी १०० (कृत्रिम तेल) हे तर कॉम्प्रेसरवाल्यांचेच तेल आहे. मग जुन्या गाड्यांना एस्टर तेल का सांगतात?

गेजमॅनिफोल्ड
कॉम्प्रेसर नवा असेल तर त्याच्यासोबत येते तेच पीएजी ठेवा, त्यात मिसळामिसळ करू नका. कॉम्प्रेसर जुना असेल आणि आत मिनरल ऑइलचे थेंब राहणार असतील तर एस्टर १००. पीएजीचे उरलेल्या मिनरलशी आणि आर-१२च्या क्लोरीनच्या अंशाशी जमत नाही. एस्टर थोडे मिनरल सोसून घेते. दोन्ही तेले हवेतला ओलावा ओढतात, पीएजी जास्त. जून-जुलैत ठाण्यात उघडलेला अर्धा डबा पुढच्या कामासाठी ठेवू नका. २५० मिलिचे छोटे डबे घ्या.

प्रमाण. ५०८ला साधारण १७५ ते २०० मिलि. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर आकडा असेल तर तो पाळा. सगळे कॉम्प्रेसरमध्ये ओतू नका. ३० मिलि कंडेन्सरमध्ये, ५० कॉइलमध्ये, १५ ड्रायरमध्ये आणि उरलेले कॉम्प्रेसरमध्ये. मग क्लचची पुढची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. सिलिंडरमध्ये तेल साचले असताना पट्टा सुरू केला तर रीड (कॉम्प्रेसरच्या झडपांच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

जुना कॉम्प्रेसर ठेवायचा की नाही? क्लचमागे ओले तेल दिसले किंवा पट्टा काढून पुली फिरवल्यावर खरखर आली, तर ठेवू नका. आर-१२मधला क्लोरीन धातूवर एक पातळ थर धरतो, तो घर्षणात मदत करायचा. आर-१३४एत ती मदत नाही. आधीच झिजलेला कॉम्प्रेसर नवीन गॅसवर लवकर बसतो.

तुर्भे_कॉइल
साफसफाई. कॉम्प्रेसर काढा, तेल उलटे करून तासभर ठिबकू द्या, काढलेले तेल मोजून ठेवा आणि रंग पाहा. सोनेरी म्हणजे ठीक. काळे किंवा चांदीसारखी चमक असेल तर आत धातू झिजला आहे. मग कॉम्प्रेसर नवाच. नवीन पाइप आणि कंडेन्सर घेतल्यामुळे धुवायची उरते ती फक्त कूलिंग कॉइल. एसीचे फ्लशिंग लिक्विड भरून उलट्या दिशेने नायट्रोजनने फुंका, बाहेर येणारे पांढऱ्या कापडावर डाग पाडेनासे होईपर्यंत. पेट्रोल, थिनर, रॉकेल वापरू नका, त्यांचा अंश तेलात राहतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायरमधून फ्लश कधीच करायचा नाही.

गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनने १५० पीएसआयला, रेग्युलेटर लावून, साबणाच्या फेसाने. तासभर गेज हलता कामा नये. काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरतात. तसे करणाऱ्याला तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

सर्व्हिस पोर्टवर (गॅस भरायच्या तोंडांवर) आर-१३४एचे ॲडॉप्टर बसवा, लो साइड १३ मिमी आणि हाय साइड १६ मिमी. जुन्या पोर्टमधली पिन नवी टाका. ॲडॉप्टर थ्रेडलॉकरने पक्के करा, म्हणजे पुढे कोणी आर-२२ची नळी लावू शकणार नाही.

घोडबंदर_११८
एसीवाल्याकडे व्हॅक्यूमसाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आहे. चालेल?

शीतक_नेरुळ
नाही. तो हवा काढतो, पाणी नाही. ३० अंशांना पाणी उकळायला दाब ४२ मिलिबारपर्यंत उतरावा लागतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर तिथे कसाबसा पोहोचतो आणि तिथेच रेंगाळतो. दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज (खोल व्हॅक्यूम मोजणारे) असलेले ठिकाण शोधा. ५०० मायक्रॉनच्या खाली जायला हवे. उन्हाळ्यात ४५ मिनिटे, पावसाळ्यात दीड तास धरा. मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून २० मिनिटे पाहा. हळूहळू चढून एका ठिकाणी थांबला तर ओलावा, चढतच राहिला तर गळती.

साध्या गेजवर आपल्याकडे पाऱ्याचे २९.९ इंच दिसायला हवे, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. पुण्यात तोच पंप २८ दाखवतो आणि तो दोष नसतो. म्हणून तिकडचे आकडे इकडे वापरू नका. पंपाचे तेलही दर काही कामांनंतर बदललेले हवे, दुधाळ झालेल्या तेलावर पंप खोल जात नाही.

कोपरी_रिंच
लेबल नाही, मग वजन कसे ठरवणार? 'आर-१२च्या ८५ टक्के' हा नियम इथे उपयोगाचा नाही.

गेजमॅनिफोल्ड
इथे घाई करू नये. ड्रायरच्या काचेवर विसंबू नका. आर-१२ला काच स्वच्छ झाली की भरले असे चालायचे. आर-१३४एत तेलामुळे काच पूर्ण भरल्यावरही दुधाळ दिसू शकते, आणि बुडबुडे जाईपर्यंत भरत राहिलात तर हमखास जास्त भराल.

वजनकाटा लागेलच. इंजिन बंद असताना हाय साइडने द्रव ३५० ग्रॅम सोडा. हाय साइडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मगच इंजिन सुरू करा. चालू इंजिनावर तो व्हॉल्व्ह उघडला तर कॉम्प्रेसरचा दाब सिलिंडरमध्ये शिरतो. पुढचे सगळे लो साइडने, सिलिंडर उभा ठेवून, वायूरूपात. ब्लोअर पूर्ण, दारे उघडी, इंजिन १५०० आरपीएम.

आता कंडेन्सरमधून बाहेर येणाऱ्या लिक्विड पाइपला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा आणि वर फोम गुंडाळा. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड बंदूक चुकीचे तापमान दाखवते. हाय साइडचा दाब वाचा आणि त्याचे तापमान घ्या: १७६ पीएसआय म्हणजे ५० अंश, २०२ म्हणजे ५५, २२९ म्हणजे ६०, २५९ म्हणजे ६५, २९२ म्हणजे ७०. यातून पाइपचे तापमान वजा करा. ही सबकूलिंग. ५० ग्रॅम टाका, पाच मिनिटे थांबा, पुन्हा वाचा. सुरुवातीला ती १-२ अंश राहते आणि लो साइड फार खाली असते. ५-६ अंशांवर स्थिरावली की ३० ते ५० ग्रॅम राखीव टाकून थांबा. अशा किटला बहुधा ५०० ते ६०० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी हा टप्पा येतो. आलेला आकडा बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवा, सोबत तेलाचे नाव आणि गॅसचे नाव. पुढचा मेकॅनिक तुमचे आभार मानेल.

खाडीकिनारा
गॅस घेताना सिलिंडर तोलून घ्या. रंग आणि स्टिकर पुरावा नाही. दाबावरूनही पूर्ण कळत नाही. ३० अंशांना आर-१३४ए ९७ पीएसआय दाखवतो, पण हिशेबाने बनवलेले एचसी मिश्रणही त्याच्या आसपास येते. वजन मात्र लपत नाही. द्रव आर-१३४ए लिटरला सुमारे १.२ किलो, एचसी त्याच्या निम्म्याहून कमी. १३.६ किलोचा सिलिंडर भरलेला असूनही हलका लागला तर घेऊ नका.

याहून गंभीर भेसळ म्हणजे आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेट घेणारा पदार्थ तयार करते. २०११मध्ये अशा भेसळीने रीफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरच्या कॉम्प्रेसरांचे स्फोट झाले, व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये माणसे दगावली. आपल्या शेजारी न्हावाशेवा बंदर आहे, रीफरवर काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. गाड्यांचे कॉम्प्रेसरही ॲल्युमिनियमचेच. बिल देणाऱ्या दुकानातूनच सीलबंद घ्या.

पामबीच_२००४
मध्येच विचारतो. २००४ची गाडी, आर-१३४एच आहे. नवीन आर-१२३४वायएफ भरणे पर्यावरणाला चांगले ना?

शीतक_नेरुळ
तापमानवाढीच्या दृष्टीने चांगला, कार्बन डायऑक्साइडचा आकडा १ धरला तर आर-१३४एचा १४३० आणि त्याचा अगदी नगण्य. पण तो कित्येक पटींनी महाग आहे, सौम्य ज्वलनशील आहे, त्याचे पोर्ट आणि तेल वेगळे. तुमच्या गाडीत आर-१३४एच ठेवा आणि गळती थांबवा. किगाली करारानुसार भारतात एचएफसी (आर-१३४एच्या गटातले वायू) २०२८ला गोठतील आणि पहिली १० टक्के कपात २०३२ला आहे, म्हणून आर-१३४ए एवढ्यात नाहीसा होणार नाही.

घोडबंदर_११८
काम झाले. नवा ५०८, पॅरलल फ्लो कंडेन्सर, १२ इंची पंखा, पीएजी, गॅस ५६० ग्रॅम. बाहेर ३३ अंश, आयडलला लो ३९, हाय २८५, लिक्विड पाइप ६३ अंश, डॅशबोर्डच्या जाळीतली हवा १५ अंश. १५०० आरपीएमला आणि गाडी धावताना बरे, नाक्यावर उभे राहिलो की गरम. मेकॅनिक म्हणतो गॅस जास्त झाला, १०० ग्रॅम काढू.

गेजमॅनिफोल्ड
काढू नका. २८५ म्हणजे सुमारे ६९ अंश, पाइप ६३, म्हणजे सबकूलिंग ६. गॅस बरोबर आहे. जास्त असता तर हा फरक १० अंशांच्या पुढे गेला असता. राहिली शंका आत हवा अडकल्याची. उद्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, गाडी रात्रभर सावलीत असताना दोन्ही गेज वाचा. २६ अंशांना ८५ पीएसआय हवे. ९५-१०० आले तर व्हॅक्यूम नीट झाला नव्हता, सगळा गॅस काढून पुन्हा भरावा लागेल.

घोडबंदर_११८
सकाळी २६ अंश, दोन्ही ८४.

शीतक_नेरुळ
मग गॅस शुद्ध आहे आणि प्रश्न फक्त वाऱ्याचा आहे. पंखा पुशर घेतलात की पुलर (मागून हवा ओढणारा)? अनेकदा दुकानात पुलर असतो, तो पुढे लावून फक्त वायर उलट्या करतात. दिशा बरोबर येते, पण वक्र पाती उलटी फिरतात आणि वारा फारच कमी मिळतो. वायर उलटी ठेवून पातेही काढून दुसऱ्या बाजूने बसवावे लागते. कंडेन्सरवर वहीचा कागद धरून पाहा. इंजिन बंद, फक्त पंखा चालू. कागद जाळीला घट्ट चिकटून राहायला हवा. आणि फोमची पट्टी लावली आहे का?

घोडबंदर_११८
पुलरच होता, वायर उलटी केलेली. कागद चिकटत नव्हता, नुसता हलत होता. पट्टीही नव्हती. पाते उलटवले, वायर उलटीच ठेवली, चारही कडांना फोम लावला. गॅसला हात लावला नाही. आता ३३ अंशांना आयडलला लो ३१, हाय २२४, लिक्विड पाइप ५३, जाळीत ९.५.

तुर्भे_कॉइल
आकडे उत्तम. महिन्याने सर्व जोडांवर आणि क्लचमागे तेल दिसते का ते पाहा, नवीन होजच्या क्रिम्पवर विशेष. पहिल्या पंधरा दिवसांत पट्टा ताणतो, तो पुन्हा घट्ट करा. पावसाळ्याआधी कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी मोकळी आहे ना तेही बघून घ्या. आपल्या दमट हवेत तिथून बरेच पाणी निघते, आणि नळी तुंबली तर ते पायांखालच्या मॅटवर येते.